निंबोळी अर्क बिघडतो कुठे? वेचणीपासून फवारणीपर्यंत

“निंबोळी अर्क मारून बघितला, काही फरक नाही पडला.” दर हंगामात हे ऐकतो. मग मी चार प्रश्न विचारतो. निंबोळ्या कधीच्या होत्या? कशात भरून ठेवल्या होत्या? पाणी कुठलं वापरलं? फवारणी किती वाजता केली? चारांपैकी दोन उत्तरं तरी अशी येतात की अर्काला दोष देण्यात अर्थ उरत नाही.

आधी अर्कात काय आहे ते समजून घेऊ, कारण पुढची प्रत्येक पायरी त्याच्यावर ठरते. निंबोळीच्या बियात, म्हणजे कठीण टरफलाच्या आतल्या मगजात, ॲझाडिरॅक्टिन नावाचं रसायन असतं. झाडानं ते आपलं बी वाचवायला तयार केलेलं आहे. अळीनं त्याचा थर बसलेलं पान चाखलं की तिला ते खावंसं वाटत नाही. तरीही थोडं पोटात गेलंच, तर कात टाकायला लागणारं संप्रेरक अळीच्या शरीरात वेळेवर सुटत नाही. अळी अर्धवट कातीत अडकते, खुरटते आणि काही दिवसांनी मरते. मादी पतंगही अशा पानावर अंडी घालायला कचरते.

हे रसायन तितकंच नाजूकही आहे. कडक ऊन, क्षारीय पाणी, उष्णता आणि ओल यांपुढे ते टिकत नाही. म्हणून हा लेख अर्क “बनवायचा” कसा यापेक्षा तो “वाचवायचा” कसा याबद्दल जास्त आहे.

आणखी एक गैरसमज आधीच मोडून काढतो. कडुलिंबाचा पाला उकळून केलेलं पाणी म्हणजे निंबोळी अर्क नव्हे. पाल्यात हे रसायन बियाच्या मानानं फारच कमी असतं, आणि उकळल्यावर त्यातलंही जातं.

१. वेळापत्रक आधी, वेचणी नंतर

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

आपल्याकडे निंबोळ्या साधारण जून-जुलैत पिकून पडतात. बियातला अंश तीन महिन्यांनंतर चांगला मिळतो आणि आठ-दहा महिन्यांनंतर घटत जातो. म्हणजे यंदा वेचलेली निंबोळी ऑक्टोबर ते मार्च या काळात कामाची. तूर फुलावर येते तेव्हा, हरभरा घाट्यांत असतो तेव्हा, रब्बीच्या भाजीपाल्याला.

आता बघा, कपाशीवर आणि सोयाबीनवर आपण अर्क कधी मारतो? जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये. तेव्हा हातात असते ती गेल्या वर्षीची, तेरा महिन्यांची निंबोळी, नाहीतर आत्ताच वेचलेली ओली. दोन्ही कमजोर. या दोन महिन्यांसाठी मी घरच्या अर्काच्या भरवशावर राहत नाही. दुकानातलं तयार ॲझाडिरॅक्टिन घेतो. ते ३००, १५००, १०,००० अशा वेगवेगळ्या पीपीएमचं (दहा लाख भागांत किती भाग, ते माप) मिळतं. पीपीएमचा आकडा, उत्पादनाची तारीख आणि लेबलवरची मात्रा या तिन्ही गोष्टी वाचून घ्या. शेजाऱ्यानं पंपाला किती टाकलं यावर जाऊ नका; त्याची बाटली १५०० ची आणि तुमची १०,००० ची असू शकते.

तपासा: पोत्यावर वेचणीचा महिना आणि साल खडूनं लिहिलंय का? नसेल तर ती निंबोळी कधीची हे दिवाळीपर्यंत घरात कुणालाही सांगता येणार नाही.

२. वेचणी आणि गर काढणं

पिवळी पडलेली, ताजी गळलेली फळं रोज किंवा एक दिवसाआड वेचा. झाडाखाली जुनं ताडपत्रीचं कापड किंवा साड्या अंथरल्या तर माती लागत नाही. पावसानं भिजलेल्या जमिनीवर आठवडाभर पडून राहिलेली, काळी पडलेली फळं घेऊ नका. वजन भरतं, कामाची नसतात.

गर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी काढायचा. तो गोड असतो, आणि गोड व ओलं म्हटलं की बुरशीला आमंत्रणच. फळं टोपल्यात घालून पाण्यात बुडवा, हातानं किंवा पायानं चोळा, गर वाहू द्या आणि बी दोन पाण्यांनी धुवा. पाण्यावर तरंगणारं बी पोकळ असतं, तेवढं फेकून द्या.

ढीग बघून हिशेब करू नका. फळाचं बरंचसं वजन गराचं आणि पाण्याचं असतं. पुढे टरफल फोडलं की बियाचंही साधारण निम्मं वजन जातं. एका एकरासाठी पुरतील म्हणून वेचलेल्या निंबोळ्या प्रत्यक्षात अर्ध्या एकराला पुरल्या, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

३. वाळवणं

धुतलेलं बी पहिल्या दिवशी काही तास कोवळ्या उन्हात चालेल, म्हणजे वरचं पाणी निघून जातं. त्यानंतर सावली. पडवीत किंवा गोठ्याच्या कोरड्या बाजूला, बाजेवर किंवा पोत्यावर पातळ थर करून, दिवसातून एक-दोनदा हलवत आठ-दहा दिवस. पाऊस लागून राहिला तर जास्तही लागतात.

गच्चीवर पत्र्यावर टाकून दोन दिवसांत कडकडीत वाळवणं सोपं असतं हे कबूल. पण ज्या गोष्टीसाठी एवढी खटपट चाललीय, तीच त्या पत्र्यावर भाजून निघते.

तपासा: एक बी कानाजवळ हलवा. वाळलं असेल तर आत मगज खुळखुळतो. मग बी फोडून मगज नखानं मोडा. ‘टक’ होऊन तुटायला हवा. वाकला किंवा चेपला तर अजून ओल आहे. आतला रंगही बघा. चांगला मगज हिरवट असतो. तपकिरी म्हणजे जुना किंवा खराब. काळा, किंवा वर पांढरी-हिरवी बुरशी धरलेला असेल तर तो सरळ बाजूला काढा.

४. साठवण: इथे बुरशीशी गाठ आहे

ज्वारीसाठी वापरतो तसं गोणपाटाचं किंवा कापडी पोतं घ्या. भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. आढ्याला टांगलं तर उत्तम.

माझ्या पहिल्या वर्षाचा किस्सा सांगतो. खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक पोत्यात चाळीस किलो बी भरलं, तोंड सुतळीनं घट्ट बांधलं आणि माळ्यावर टाकलं. दसऱ्याला पोतं उघडलं तर आतून ओलसर, कुबट वास आला आणि पोत्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब. वरचं बी ठीक दिसत होतं. हात आत घातला तर खालचं गरम लागलं. फोडून बघितलेल्या दहापैकी सात मगज काळे होते.

बी वरून वाळलेलं दिसलं तरी आतली उरलेली ओल हळूहळू बाहेर येते. प्लॅस्टिकमध्ये ती निघून जायला वाट नसते. त्या ओलीवर ॲस्परजिलस जातीच्या बुरशी वाढतात. अळीला नकोसा होणारा मगज या बुरशीला मात्र चालतो. ती मगजातलं तेल खाते, आपल्याला हवा असलेला अंश घटतो आणि वर अफ्लाटॉक्सिन हे विष सोडून जाते. भुईमुगाच्या शेंगांवर जे येतं, तेच हे.

सावध: बुरशी धरलेली निंबोळी “अर्कातच तर टाकायची आहे” म्हणून दळायला घेऊ नका. धूळ नाकातोंडात जाते. चांगली निंबोळी दळतानाही तोंडाला रुमाल बांधा. आणि पोतं व निंबोळीचं तेल लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. तेल पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

५. पाणी तपासा. हो, दळण्याच्या आधी

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही. मीही कित्येक वर्षं केली नव्हती.

ॲझाडिरॅक्टिन किंचित आम्लधर्मी पाण्यात चांगलं टिकतं. पाणी जितकं क्षारीय, तितक्या वेगानं ते मोडतं. काळ्या जमिनीतल्या अनेक बोअरचं पाणी क्षारीय आणि जड असतं. डाळ शिजत नाही, अंघोळीला साबणाचा फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं धरतात, अशा पाण्यात अर्क रात्रभर भिजवला तर सकाळपर्यंत त्यातला किती शिल्लक राहील याचा भरवसा नाही.

पीएच म्हणजे पाणी किती आम्ल, किती क्षारीय हे सांगणारा आकडा. तो मोजायचा पीएच कागद कृषी सेवा केंद्रात किंवा शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. पट्टी बुडवा आणि रंग जुळवा. ६ च्या आसपास आला तर उत्तम. ७.५ च्या वर गेला तर पावसाचं साठवलेलं किंवा विहिरीचं गोडं पाणी बघा. तेही नसेल तर लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, थोडं थोडं घालून पट्टीवर ६ येईपर्यंत आणा. किती लागेल हे प्रत्येक बोअरला वेगळं, म्हणून मात्रा सांगत नाही. एका बादलीवर करून बघा आणि त्याप्रमाणे हिशेब लावा.

६. दळणं आणि भिजवणं

हिशेब पाच टक्क्यांचा: १०० लिटर फवारणीच्या पाण्याला ५ किलो मगज. टरफलासकट दळणार असाल तर जवळजवळ दुप्पट घ्या, कारण निम्मं वजन टरफलाचं. पाच किलो टरफलासकट निंबोळी घेऊन “पाच टक्के अर्क केला” म्हणणं ही दुसरी मोठी चूक. तो अडीच टक्केच होतो.

मगज फवारणीच्या आदल्या दिवशीच दळा. आधी दळून ठेवला तर तेल सुटतं, गोळे होतात आणि कस उतरतो. उखळात जाडसर कुटा किंवा मिक्सरला थांबत थांबत फिरवा. रव्याइतका जाडसर पुरे. फार बारीक केला की तेलाचा लगदा होतो आणि गाळताना फडकं बसतं. (घरातल्या मिक्सरचं भांडं घेणार असाल तर आधी घरी विचारा. आमच्याकडे पुढचा महिनाभर चटणी कडू लागत होती, आणि तो विषय अजून मिटलेला नाही.)

भुकटी सुती कापडात सैल पुरचुंडी बांधून किंवा मोकळीच १० लिटर पाण्यात संध्याकाळी भिजत घाला. दोन-तीनदा काठीनं ढवळा. झाकण ठेवा आणि सावलीत ठेवा. पाणी गरम करू नका, भुकटी उकळू नका. “उकळलं की कस जास्त उतरतो” हे चहाच्या पत्तीला लागू, इथे नाही.

सकाळी पुरचुंडी पिळा. उरलेल्या चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळा, निदान दोनदा. सगळं मिळून १० लिटर घट्ट अर्क होईल असं बघा. मग दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल शेतात मधोमध बसेल आणि तिथे फुंकर मारायला सोबत कुणी नसेल.

तपासा: अर्क दुधाळ, पिवळसर-हिरवट दिसतो. बोटाला लावून जिभेच्या टोकावर घेतला आणि लगेच थुंकला तरी कडवटपणा बराच वेळ जात नाही. पाणचट आणि तपकिरी असेल तर निंबोळी जुनी होती. (बुरशीची शंका असलेला अर्क मात्र चाखू नका.)

७. साबण की रिठा

अर्कातलं तेल पाण्यात मिसळावं आणि पानावर पसरावं म्हणून साबण घालतात. १०० लिटरला २०० ग्रॅम ही नेहमीची मात्रा. पण साबण मुळात क्षारीय. जड पाण्यात घातला तर त्याची दह्यासारखी साय धरते, नोझल तुंबतं आणि तेल वेगळंच तरंगत राहतं. मी एकदा पाणी आम्लधर्मी केलं आणि वर साबणही घातला. साबण फाटला, टपात पांढरे गोळे तरंगायला लागले.

म्हणून दोन्ही एकत्र नको. पाणी गोडं आणि पीएच ठीक असेल तर साध्या साबणाचं पाणी वेगळं करून अगदी शेवटी, फवारणीला निघताना मिसळा. पाणी जड असेल किंवा लिंबूफूल घातलं असेल तर साबणाऐवजी रिठ्याचं पाणी किंवा दुकानातलं स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य) वापरा. रिठा रात्रभर भिजवून चोळला की फेस येतो, तेवढा पुरतो.

धुण्याची पावडर कधीच नको. साबणाच्याही पुढे जाऊन ती पाणी क्षारीय करते आणि कोवळ्या पानांच्या कडा भाजतात.

८. पातळ करणं आणि पंप

१० लिटर घट्ट अर्क १०० लिटरचा करायचा. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १.५ लिटर घट्ट अर्क आणि बाकीचं पाणी. “पंपाला एक ग्लास” हे माप कुठून आलं माहीत नाही, पण गावोगाव चालतं. २०० मिलीच्या ग्लासानं पाऊण टक्कासुद्धा होत नाही.

वाढलेल्या कपाशीला किंवा तुरीला एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे १० किलो मगज. निघायच्या आधी एवढा साठा आहे का ते बघा.

सावध: पंपात आधी तणनाशक वापरलं होतं का? २,४-डी या तणनाशकाचा मागमूस राहिला तरी कपाशीची पानं बेडकाच्या पायासारखी चिरतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) किंवा चुन्याचं काहीही अर्कात मिसळू नका. ते क्षारीय असतं. हेलिकोव्हर्पासाठीचा, म्हणजे घाटेअळीसाठीचा, एचएनपीव्ही विषाणू अळीच्या पोटात जावा लागतो, आणि अर्क तर तिला खाऊच देत नाही. म्हणून मी दोन्ही एकाच टाकीत घालत नाही, मध्ये काही दिवस जाऊ देतो.

९. फवारणी

संध्याकाळी चारनंतर, ऊन उतरल्यावर. रात्रभर अर्क पानावर राहतो आणि बऱ्याच अळ्या रात्रीच जास्त खातात. मधमाश्यांची फुलांवरची वर्दळही तोवर कमी व्हायला लागते. भर दुपारी मारला तर ऊन दुसऱ्या दिवशीची वाटही बघत नाही, आणि तेल-साबणानं कोवळी पानं करपतात ती वेगळीच.

पानाच्या खालच्या बाजूला मारा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथेच असतात आणि काही पतंगांची अंडीही.

अळी लहान असताना मारा. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली अळी अर्कानं आवरते. बोटाएवढी झालेली, शेंगेत किंवा बोंडात शिरलेली नाही आवरत. कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी शिरल्यावर वरून अर्क मारणं म्हणजे दार लावून घेतलेल्याला बाहेरून उपदेश करणं.

हरभऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. पहाटे हरभऱ्यातून चालत गेलं की धोतराच्या सोग्याला आंबट ओल लागते, तीच आंब. झाडाच्या अंगावरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. त्यातलं ऑक्झॅलिक घाटेअळीची वाढ मंदावतं. म्हणजे झाड स्वतःही लढत असतं. पण फुलोऱ्यात ते एकटं पुरं पडत नाही. दर मीटर ओळीत एक-दोन लहान अळ्या दिसायला लागल्या की थांबू नका.

तयार अर्क त्याच दिवशी संपवा. उरलेला उद्या मारू म्हणून ठेवू नका. धुतलेल्या पंपाचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका. माशांना ते सोसत नाही.

१०. फरक कसा मोजायचा

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या अळ्या शोधायला जाऊ नका. दिसणार नाहीत. अर्क झटपट मारत नाही, म्हणूनच लोक “चालत नाही” म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी तीव्र कीटकनाशक मारून मोकळे होतात.

शेताच्या कडेच्या दोन ओळी मुद्दाम फवारू नका. फवारलेल्यातल्या दहा झाडांना आणि न फवारलेल्यातल्या दहा झाडांना रंगीत चिंधी बांधा. पाचव्या दिवशी दोन्हीकडे बघा: नवी छिद्रं किती, अळ्या किती, ताजी विष्ठा आहे का. अर्क लागला असेल तर अळ्या लहानच राहिलेल्या, सुस्त, काहींच्या अंगाला जुनी कात चिकटलेली दिसतात. पान कुरतडायचं थांबलेलं असतं. न फवारलेल्या ओळीत हे नसेल तर श्रेय अर्काचं.

पानावरचा अंश उन्हात काही दिवसांत जातो, म्हणून ७ ते १० दिवसांनी दुसरी फवारणी. रात्रीच पाऊस झाला तर ती फवारणी हिशेबात धरू नका, पुन्हा मारा.

पाचव्या दिवशीही दोन्ही ओळी सारख्याच असतील तर पायरी १ आणि पायरी ५ पुन्हा वाचा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष या दोन्हींतच निघतो.

राहिला चोथा. तो उकिरड्यावर फेकू नका. वाफ्यात किंवा बागेत झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. जमिनीतले जे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात त्यांचा वेग निंबोळी मंदावते, त्यामुळे नत्र पाण्यासोबत लवकर वाहून जात नाही. युरियाला कडुलिंबाचा लेप देतात तोही याच कारणासाठी, आणि २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला तो सक्तीचा आहे. चोथा फक्त रोपांच्या मुळांना अगदी चिकटवून टाकू नका. वीतभर अंतर ठेवा.